गाव नमुना 14

1 जून हा आमच्या गावचा सामुदायिक वाढदिवस. शाळेत नाव घालताना गुरुजी हीच तारीख टाकत. अब्बांचीही तीच, साल 1942.

2020च्या जानेवारीत नागरिकत्वाच्या कागदांची चर्चा घरोघर चालू होती. आमच्या मोहल्ल्यातली माणसे जन्मदाखल्यांसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढू लागली. अब्बांसाठी मीही कोर्ट फी स्टॅम्प लावलेला अर्ज घेऊन तहसिलीत गेलो. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा 1969चा. महाराष्ट्रात तो 1 एप्रिल 1970पासून लागू झाला. त्याआधी खेड्यातले जन्म कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14मध्ये, उतरत. कोतवाल बुक हे नाव मला फार आवडते. ज्या गावकामगाराला इतिहासाने कधी पानभर जागा दिली नाही, त्याच्या नावावर अख्ख्या गावाची कुंडली!

रुमाल सुटला, कसरीने खाल्लेली पाने निघाली. अक्षर मोडी. वाचणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी एका ओळीवर बोट ठेवले. 7 नोव्हेंबर 1941. आजोबांचे नाव, जात पिंजारी आणि पुढे नुसते ‘मुलगा’. नाव ठेवायच्या आधीच नोंद झालेली, त्यात नाव कुठून येणार? तर हा मुलगा म्हणजे अब्बाच, हे दाखवायला शाळेचा दाखला जोडा, असे मला सांगण्यात आले. म्हणजे पुन्हा ती 1 जूनच!

‘खरी नक्कल’ असा शिक्का मारलेला कागद शेवटी घरी आणला. अब्बांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाले, “म्हणजे मी सरकारची सात महिने जादा नोकरी केली की रे!”