जोडाऱ्याची वही

माझ्या कपाटात शिकाऊ मुलांच्या कामाच्या पाच वह्या आहेत. पुठ्ठे ढिले झालेत, पानांना अजून कटिंग ऑइलचा वास येतो. मी आयटीआयमध्ये जोडारी व्यवसायाचा शिल्पनिदेशक होतो. फिटरला सरकारी मराठीत जोडारी म्हणतात, टर्नरला कातारी, वेल्डरला संधाता. मुलं ‘फिटर’च म्हणायची, मला जोडारी हा शब्द आवडतो. मुलगा दोन वर्षं आमच्याकडे शिकायचा, मग वर्षभर कारखान्यात अप्रेंटिस म्हणून जायचा. आज कोणतं काम केलं, कोणतं हत्यार वापरलं, हे त्यानं रोज वहीत लिहायचं आणि तिथल्या साहेबानं सही करायची. कारखान्यानं मुलाला शिकवलं की नुसतं राबवलं, हे त्या वहीत दिसायचं.

हा प्रश्न फार जुना आहे. आपल्याकडे अप्रेंटिसांचा कायदा झाला तो 1850 मध्ये. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला बाप किंवा पालक करारानं एखाद्या धंदेवाल्याकडे बांधून देऊ शकत असे. मुदत जास्तीत जास्त सात वर्षं, आणि मुलगा एकवीस वर्षांचा झाला की करार संपायचा. कायद्याचा मुख्य रोख अनाथ आणि धर्मादायावर वाढणाऱ्या मुलांकडे होता. हाताचं काम शिकणं ही निराधाराची सोय, ही समजूत तिथेच रुजली. दहावीला कमी गुण पडले की ‘याला आयटीआयला टाका’ म्हणणारे पालक मी सगळी नोकरीभर पाहिले. ‘टाका’ हा शब्द मला तेव्हाही लागायचा, आजही लागतो.

शाळा आणि कारखाना यांची मोठी गाठ पडली ती मुंबईत, गिरण्यांमुळे. 1887 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघालं, आजचं व्हीजेटीआय. गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांनी त्यासाठी भायखळ्याला जागा दिली. 1923 मध्ये संस्था माटुंग्याला गेली. गिरण्यांना सूत आणि कापड जाणणारी माणसं हवी होती, म्हणून पैसेवाले पुढे आले. पण शिकवणं इंग्रजीतून. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार त्या दारातून आत जाणार कसा? तो बदली कामगार म्हणून लागायचा. कामावर घेणाऱ्या जॉबरची मर्जी सांभाळायची, चुलत्याच्या किंवा गाववाल्याच्या शेजारी साच्याजवळ उभं राहायचं आणि बघून बघून शिकायचं. संस्थेतून खात्यांचे साहेब तयार झाले. साच्यावरच्या माणसाला शिकवलं ते त्याच्या नात्यागोत्यानं.

बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं 1890 मध्ये कलाभवन निघालं. ते उभारणारे त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की धंदेशिक्षण लोकांच्या भाषेतून द्यावं. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. तिकडे व्हीजेटीआयमध्ये रेखांकन शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर नोकरी सोडून कारखानदार झाले. 1910 मध्ये औंधच्या संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या उजाड माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. शेतकऱ्यांच्या पोरांना तिथे ओतकाम आणि लेथ शिकवावं लागलं. कारखाना हीच त्यांची शाळा.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं या विखुरलेल्या धडपडीला एक चौकट दिली. 1950 मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि आयटीआय उभ्या राहू लागल्या. 1961 मध्ये शिकाऊ उमेदवार अधिनियम झाला. कारखान्यानं ठरलेल्या प्रमाणात मुलं घ्यायची, लेखी करार करायचा, विद्यावेतन द्यायचं, आणि कामाच्या जोडीला त्यांना वर्गातलं शिक्षणही मिळायला हवं. त्या कायद्याचं अठरावं कलम मी दर वर्षी नव्या तुकडीला वाचून दाखवायचो. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, असं ते सांगतं. 1850 च्या बांधून दिलेल्या पोरापासून या वाक्यापर्यंत यायला आपल्याला एकशे अकरा वर्षं लागली.

हे वाक्य मनापासून पाळलं की काय होतं, ते पुण्यानं पाहिलं. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखाने आले. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, 1966 मध्ये पुण्यात पाय रोवले, ते सुमंत मूळगावकर यांच्या देखरेखीखाली. पुण्याच्या कारखान्यातून पहिला ट्रक निघाला 1977 मध्ये. मधल्या वर्षांत भर होता तो हत्यारं, साचे, यंत्रं बनवण्यावर आणि ती बनवणारे हात तयार करण्यावर. गावाकडून आलेली पोरं तिथे आधी कानस धरायला शिकली. टेल्कोत शिकलेला म्हटलं की पुढे कुठलाही छोटा कारखानदार त्याला डोळे झाकून घ्यायचा. भोसरीत अशा कित्येकांनी पुढे स्वतःच्या शेड टाकल्या.

आता वह्यांकडे येतो. एका मुलाच्या वहीत पहिल्याच महिन्यात लिहिलंय: ‘लेथचा सॅडल उघडला. गिब काढून साफ केली. मिस्त्रींनी निळी लावून बेअरिंग बघायला शिकवलं.’ दोन भाग नीट बसतात का हे पाहायला जोडारी एका भागावर प्रशियन ब्लू लावतो, दुसरा त्यावर फिरवतो आणि डाग उमटेल तिथे स्क्रेपर चालवतो. आमच्याकडे त्या मुलानं ते नुसतं पट्टीवर केलं होतं. कारखान्यात त्याला चालणाऱ्या यंत्रावर करायला मिळालं, आणि त्याचं अक्षरही त्या पानावर जरा टपोरं झालंय.

दुसरी वही एका लहान कारखान्यातून आली. सलग एकोणीस दिवस एकच ओळ: ‘माल उतरवला, शेड झाडली.’ खाली रोज सही. मी तिथे गेलो. मालक म्हणाले, ‘‘सर, माणसं कमी आहेत, पोरगं बसून काय करणार?’’ मी कलम काढून पुढे ठेवलं. पुढच्या आठवड्यात मुलाला ड्रिलवर घेतलं, पण महिन्याभरात पुन्हा हातात झाडू आला. तो मुलगा अप्रेंटिसची चाचणी न देताच गावी निघून गेला. शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, पट्टी धरून तो कानस मारायचा, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा, तेव्हा फटीतून उजेडाची रेघ दिसायची नाही. इतका त्याचा हात होता. ती वही मी दुसऱ्या कुणाला दिली नाही.

2014 मध्ये कायदा दुरुस्त झाला, 2016 पासून केंद्र सरकार विद्यावेतनाचा काही भाग उचलू लागलं. चांगलंच झालं. पण अनुदानानं मुलं कारखान्याच्या फाटकापर्यंत येतात. फाटकाच्या आत त्यांना शिकवायला मिस्त्रीच लागतो आणि त्या मिस्त्रीला शिकवण्यासाठी मोकळा वेळ लागतो.

कारखानदारांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्याकडे अप्रेंटिस असतील तर महिन्यातून एकदा त्यांच्या वह्या स्वतः वाचा. एखाद्या पानावर ‘शेड झाडली’ दिसलं, तर खाली सही करू नका. मिस्त्रीला बोलवा आणि पोराला यंत्राजवळ न्यायला सांगा.