आपत्कालीन वैद्यकाचा अनुभव : बाहेरचे रुग्णालय कसे निवडावे?

वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर इलेक्टिव्हच्या काळात एक नेमका प्रश्न उभा राहतो : आपल्या महाविद्यालयाबाहेर आपत्कालीन विभागात काम करावयाचे, तर ते कोठे? भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्ये आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र विद्याशाखा म्हणून मान्यता दिली. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात इलेक्टिव्हची तरतूद झाली, तर २०२१ च्या आंतरवासिता नियमांत कॅज्युअल्टीसाठी दोन आठवडे राखून ठेवण्यात आले. दोन आठवड्यांत विभागातील ट्रॉल्यांच्या जागा पाठ होतात, एवढेच. म्हणून या विषयाची ओढ असणाऱ्याने इलेक्टिव्ह विचारपूर्वक खर्च करावे.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण या औद्योगिक पट्ट्याचा विचार येथे प्रामुख्याने करावयाचा आहे. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखान्यांत पॉवर प्रेसखाली बोटे चिरडण्याचे अपघात घडतात. असा कामगार येतो, तेव्हा तुटलेले बोट कित्येकदा थेट बर्फात किंवा पाण्यात ठेवून आणलेले असते. वस्तुतः ते सलाईनने ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून, कोरड्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फमिश्रित पाण्यात ठेवावयाची असते. बर्फाचा थेट स्पर्श झाल्यास पेशी मरतात आणि बोट पुन्हा जोडण्याची शक्यता मावळते. रक्तस्राव थांबविताना आंधळेपणाने चिमटे लावले, तर शल्यचिकित्सकाला जोडावयाच्या रक्तवाहिन्या व चेतातंतूच चिरडले जातात. दाब देणे हाच पहिला उपाय. एका माणसाची पुढील तीस वर्षांची मजुरी या पहिल्या काही मिनिटांवर अवलंबून असते, हे पुस्तकातून उमगत नाही.

निवड करताना बहुतेक विद्यार्थी खाटांची संख्या पाहतात. तो निकष दुय्यम मानावा. रुग्ण येथे थेट येतो की अन्यत्र प्राथमिक उपचार होऊन येतो, हे आधी विचारावे. मोठ्या रुग्णालयात पाठविलेल्या रुग्णाला बहुधा सलाईन लागलेले असते, निदानही चिठ्ठीवर लिहिलेले असते. ‘काय झाले आहे?’ हा मूळ प्रश्न सोडविण्याची संधी विद्यार्थ्याला मिळत नाही.

महापालिकेचे पिंपरी येथील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय ७५० खाटांचे असून सामान्य कामगारवर्गाचा मोठा आधार आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या फुलबाजी-मेणबत्त्या बनविणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि अनेक महिला कामगार दगावल्या. अशा प्रसंगी एकाच वेळी आलेल्या अनेक जखमींपैकी आधी कोणाला पाहावयाचे, हे कौशल्य अशाच सार्वजनिक रुग्णालयात शिकता येते. पिंपरीतीलच डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापकवर्ग व निवासी डॉक्टर असल्याने शिकविण्याची परंपरा आहे. तळेगाव दाभाडे येथील मायमर महाविद्यालयाचे रुग्णालय द्रुतगती मार्गाला जवळ पडते. मावळातील शेतकरीही तेथे येतात. पावसाळ्यात जाणाऱ्याने सर्पदंश व कीटकनाशकाची विषबाधा यांची तयारी ठेवावी. मण्यारच्या दंशात जखम जवळजवळ दिसतच नाही, रुग्ण पोटदुखी सांगतो आणि पापण्या जड होऊ लागतात. हे एकदा पाहिलेला डॉक्टर सहसा विसरत नाही. चाकणच्या ग्रामीण रुग्णालयासारख्या ठिकाणी साधने मोजकी. परंतु रुग्ण स्थिर करून १०८ रुग्णवाहिकेतून केव्हा पुढे पाठवावा, हा निर्णय तेथेच शिकण्यासारखा आहे.

तथापि आमच्या मते निर्णायक प्रश्न वेगळाच : रात्री दोन वाजता विभागात ज्येष्ठ डॉक्टर प्रत्यक्ष हजर असतो की फोनवर? देखरेखीशिवाय टाके घालावयास मिळणे हे अनेकांना भाग्य वाटते. चुकीची पद्धत हातात बसण्याचा तोच राजमार्ग आहे. उलट केवळ भिंतीपाशी उभे करणारे विभागही असतात. मागील वर्षी तेथे गेलेल्या दोघांना तरी विचारावे. प्रसिद्ध नाव आणि शिकविणारा विभाग यांत निवड करावी लागली, तर दुसरा पर्याय निःसंकोच घ्यावा.

आपल्या अधिष्ठात्यांची परवानगी व यजमान संस्थेचे संमतिपत्र काही महिने आधी मिळवावे. त्याविना केलेले आठवडे उपस्थितीत धरले जातील, असे गृहीत धरू नये. हेपॅटायटिस-बीच्या तिन्ही मात्रा पूर्ण असाव्यात. औद्योगिक अपघातांत वैद्यकीय-कायदेशीर नोंद होते. विद्यार्थ्याने त्या कागदांवर स्वतः सही करू नये, मात्र त्या कशा भरतात हे बारकाईने पाहावे. रुग्णांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले कामगार बरेच असल्याने कामचलाऊ हिंदी उपयोगी पडते. निवास रुग्णालयाला चालत जाता येईल असाच घ्यावा. पाळी बदलण्याच्या वेळी चाकणच्या तळेगाव चौकात अडकलेला विद्यार्थी रात्रपाळीला वेळेवर पोहोचणे कठीण.