उतारावर लावलेली स्कूटर

आमच्या चेतकला पेट्रोलचा काटा नव्हता. सीटखाली पुढच्या बाजूला एक छोटा कॉक होता आणि त्याच्या तीन जागा होत्या: बंद, चालू, रिझर्व्ह. घोडेगाव सोडून मंचरकडे येताना कधीतरी गाडीचा आवाज मध्येच बसायचा, दोन आचके बसायचे, आणि दादा वेग कमी न करता खाली वाकून कॉक फिरवायचे. मागे बसलेल्या माणसाला म्हणायचे, "रिझर्व्ह लागला." त्यात घाबरण्यासारखं काही नसे. मंचरच्या पंपापर्यंत पुरेल, वाटेत दुसरीकडे वळायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या रिझर्व्हची रचना इतकी साधी होती की आज कुणाला सांगितली तर हसू येईल. टाकीत पेट्रोल खाली येण्यासाठी दोन तोंडं, एक उंचावर आणि एक तळाशी. पेट्रोलची पातळी वरच्या तोंडाखाली गेली की इंजिन उपाशी पडायचं. मग तळाचं तोंड उघडायचं. ना तार, ना दिवा, ना काटा. पण एक मेख होती. पेट्रोल भरल्यावर कॉक आठवणीने परत 'चालू'वर आणावा लागे. विसरलात तर पुढच्या वेळी पेट्रोल संपताना कसलीच सूचना नाही, गाडी सरळ थांबली. म्हणजे या यंत्राचा एक भाग टाकीत होता आणि दुसरा चालवणाऱ्याच्या डोक्यात.

त्या गाडीचं सगळंच तसं होतं. सकाळी चोक ओढायचा, गाडीने सूर धरला की आत ढकलायचा. पेट्रोलमध्ये दोन टक्के ऑइल, लिटरला वीस मिली, पंपावरच्या माणसाकडून डोळ्यांदेखत टाकून घ्यायचं. सुरू होईना, की प्लग काढायचा, पॉलिशपेपरने घासायचा, फुंकर मारायची. तरीही होईना, तर स्कूटर एका अंगावर आडवी करायची. हे का करायचं यावर एकमत नव्हतं. कुणी म्हणे, कोपऱ्यातलं पेट्रोल नळीकडे येतं. कुणी म्हणे, कार्बोरेटरला जाग येते. पण अख्ख्या महाराष्ट्रातले कारकून, मास्तर आणि तलाठी सकाळी दारात स्कूटर आडवी करून उभे असत, हे खरं.

गिअर डाव्या मुठीत होते. क्लच दाबून मूठ वर फिरवली की पहिला, खाली फिरवली की दुसरा, तिसरा, चौथा. ही कल्पना इटलीतली. कोरादिनो दास्कानियो हा मूळचा विमानं आणि हेलिकॉप्टरवर काम करणारा अभियंता. त्याला मोटारसायकली आवडत नसत. १९४६ मध्ये त्याने पियाजिओसाठी व्हेस्पा रचली ती मोटारसायकलीच्या खोडी टाळत: साखळी नको, कपड्यांना तेल लागायला नको, पंक्चर झाल्यास चाक पटकन बदलता यावं, गिअर पायात नको. पुढे पियाजिओच्या परवान्यावर तीच गाडी बजाज ऑटो आकुर्डीत बनवू लागली. १९७१ मध्ये करार संपला आणि १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरत असल्यामुळे स्कूटरसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. दादांनी नाव नोंदवलं तेव्हा माझा जन्म झाला नव्हता. गाडी आली तेव्हा मी पहिलीत होतो आणि पेढे वाटल्याचं मला आठवतं.

आमच्या भागात वाहनाचं एवढं अप्रूप का, याचं कारण नकाशात आहे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत आगगाडी नाही. सातवाहनांच्या काळात नाणेघाटातून व्यापार चालायचा, जकात गोळा करायचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून तिथे आहे. पण रूळ काही या डोंगरांत आले नाहीत. जे आलं आणि गेलं ते पुणे-नाशिक रस्त्याने किंवा माळशेज घाटाने. म्हणून इथल्या माणसाच्या बोलण्यात गाड्यांची भाषा मुरलेली आहे. 'टेम्पो' हा शब्दच घ्या. बजाज टेम्पो ही कंपनी १९५८ मध्ये एका जर्मन कंपनीच्या परवान्यावर तीनचाकी बनवू लागली, त्या जर्मन गाडीचं नाव टेम्पो. कंपनीचं नाव २००५ मध्ये बदलून फोर्स मोटर्स झालं. पण नारायणगावच्या टोमॅटो बाजारात आजही कुठल्याही कंपनीची छोटी मालगाडी उभी असली तरी ती टेम्पोच.

माझ्या मामाकडे याच कंपनीची मॅटाडोर होती. ओतूरहून भाजी भरून तो माळशेजमार्गे कल्याणला जायचा. डिझेल गाडी सकाळी सुरू करण्याआधी हीटर द्यावा लागे. चावी धरून मामा मनात वीसपर्यंत आकडे मोजायचा, आणि त्या वेळात कुणी बोललेलं त्याला चालायचं नाही. बंद करण्यासाठी चावी फिरवून भागत नसे, स्टॉपरची दांडी ओढून इंजिनाचं डिझेल तोडावं लागे. शेजारी किन्नर बसलेला असे. क्लीनर म्हणजे किन्नर, आमच्याकडे असाच उच्चार. घाटात गाडी थांबली की तो खाली उडी मारून मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावायचा, कारण हँडब्रेकवर विश्वास ठेवण्याइतका मामा भोळा नव्हता. मामाच्या शेजाऱ्याकडे जुनी जीप होती, ती पुढून लोखंडी हँडल घालून फिरवावी लागे. त्याचा नियम मला लहानपणीच पाठ होता: अंगठा दांड्याभोवती वळवायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल अंगठा मोडून जातं. शेजाऱ्याचा उजवा अंगठा वाकडा होता. नियम त्यानंतरच त्याच्या लक्षात राहिला असावा.

आणि एसटीची दोरी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. माझ्या लहानपणीच्या लाल गाड्यांमध्ये छताखालून एक दोरी ड्रायव्हरजवळच्या घंटीपर्यंत गेलेली असायची. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. भीमाशंकरच्या गाडीत यात्रेच्या दिवसांत कंडक्टर मागच्या बाजूला अडकून पडला की तो नुसता ओरडायचा, "द्या डबल!" आणि दोरीजवळचा कुणीही प्रवासी ती ओढायचा. पन्नास-साठ माणसांची गाडी हलवण्याचा अधिकार क्षणभर माझ्या हातात आल्याचा आनंद मी दोनदा घेतला आहे. (एसटीने पुढे आपल्या आरामगाड्यांना आमच्या गडाची नावं वापरली. दादर-पुणे 'शिवनेरी', आणि २०२२ च्या १ जूनला पुन्हा पुणे-अहमदनगर मार्गावरच सुरू झालेली विजेवरची 'शिवाई'. जुन्नरकरांना याचा अभिमान आहे. दोरी त्या गाड्यांत नाही.)

गेल्या दिवाळीत आमच्या ओसरीवर हे सगळं निघालं. दादा, मामा, मी, दोन मावसभाऊ. चोक, कॉक, हीटर, स्टॉपर. आताच्या गाड्यांना काय कळतं, बटण दाबलं की सुरू, बिघडली की लॅपटॉप घेऊन माणूस येणार. आमचं असं तासभर चाललं असेल. आई फराळाच्या ताटल्या उचलत होती. ती म्हणाली, "तुम्हाला मजा वाटते. ती गाडी मला एकदाही किकने सुरू झाली नाही."

हे मला माहीत होतं आणि नव्हतंही. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. शाळा डिंभ्याच्या वरच्या अंगाला, आदिवासी भागात. मूळचं आंबेगाव, ज्याचं नाव तालुक्याला आहे, ते या धरणाच्या पाण्याखाली गेलं. ते पाणी डाव्या-उजव्या हाताला ठेवत तिचा रस्ता जायचा. आधी ती एसटीने जायची. संध्याकाळची गाडी चुकली की एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी मुक्काम. म्हणून स्कूटर आल्यावर ती तीही शिकली. गिअर तिला पहिल्या आठवड्यात जमले. पण पाचवारी साडीत उभं राहून, अंगाचा भार टाकून मारायची ती किक जमेना. सकाळी घरून दादा सुरू करून द्यायचे. शाळा सुटली की सातवीतल्या एखाद्या मुलाला हाक मारायची. मुलगा खुशीने यायचा, दोन किकमध्ये गाडी सुरू करायचा, आणि बाकीची मुलं टाळ्या वाजवायची. "मी त्यांची बाई," आई म्हणाली, "आणि घरी जायला मला बारा वर्षांचं पोर लागायचं."

मग तिने एक उपाय काढला. स्कूटर उतारावर लावायची. तोंड खाली, दुसरा गिअर, क्लच दाबून गाडी घरंगळू द्यायची आणि वेग आला की क्लच सोडायचा. शाळेच्या फाटकासमोर उतार होता. शिनोलीत एका झाडाखाली होता. घोडेगावात बँकेपाशी नव्हता, बाजारात नव्हता. त्यामुळे घोडेगावात ती कधी थांबायचीच नाही. आठ वर्षं. भाजी मंचरला येऊन घ्यायची, तीही घरी गाडी लावून पायी जाऊन. मला आठवतं ते एवढंच की आईला घोडेगावचा बाजार आवडत नाही असं घरात सगळे धरून चालायचे.

मी इतिहास वाचणारा माणूस आहे. परवाने, करार, सालं मला पाठ आहेत. कायनेटिक होंडा १९८४ मध्ये आली, तिला गिअर नव्हते आणि ती बटणावर सुरू व्हायची, हेही मी कुठेतरी लिहिलं असेन. पण आम्ही तिला हसायचो. बायकांची गाडी म्हणायचो. ते म्हणणं खरं होतं आणि हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली. चोक आणि किक यांची ओढ ज्यांना वाटते त्यांना ती कला अवगत होती, किंवा ती शिकवायला कुणीतरी होतं. किन्नरालाही मॅटाडोरची आठवण मामासारखी गोड वाटत असेल का, हे त्याला कुणी विचारलेलं नाही. पावसात उडी मारून ठोकळा लावणारा तो होता.

तरी मी दुसऱ्या टोकालाही जाणार नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले, बहुतेक दुचाकींतून कार्बोरेटर गेला आणि त्याच्याबरोबर चोक आणि रिझर्व्हचा कॉकही गेला. धूर कमी झाला, ते चांगलंच. पण डिंभ्याच्या पलीकडे गाडी बंद पडली तर पॉलिशपेपरचा तुकडा आणि प्लगचा पाना यांवर घरी पोचण्याची सोयही गेली. आईनेच मला सांगितलं की प्लग घासायला ती शिकली होती आणि तो दादांपेक्षा चांगला घासायची. तिच्या पर्समध्ये पॉलिशपेपर असायचा, खडूच्या डबीत.

१९९४ मध्ये तिने स्वतःच्या पगारातून जुनी कायनेटिक होंडा घेतली. पहिल्याच आठवड्यात घोडेगावच्या बाजारात थांबून तिने मेथीच्या दोन जुड्या आणल्या. मंचरला काय मेथी मिळत नव्हती का, असं दादा म्हणाल्याचं तिला अजून आठवतं.

चेतक आमच्या परसात आहे. बजाजने २००९ च्या अखेरीस स्कूटर बंद करण्याचं जाहीर केलं तेव्हापासून तिला भाव आला. आता त्याच नावाची विजेवरची गाडी निघते, २०२२ पासून आकुर्डीतच, आणि जुनीला गिऱ्हाईक वाढलं आहे. मार्चमध्ये पुण्याहून एक तरुण आला. त्याने आरशापासून स्टेपनीपर्यंत सगळं हात लावून पाहिलं आणि विचारलं, "काका, सुरू होते का?" दादा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांनी कॉक उघडला, चोक ओढला, मी आणि त्या मुलाने गाडी आडवी करून पुन्हा उभी केली. सात-आठ किक झाल्या. दादांना दम लागला. मुलाने मारल्या. मी मारल्या.

आई दारात उभी राहून बघत होती. "अहो," ती म्हणाली, "मारुतीच्या देवळाकडे न्या. तिथे उतार आहे."

गाडी तिथे सुरू झाली. दादांनी विकली मात्र नाही.