कुपीतले फळ

आमच्या आत्याच्या परसात हिरवा चाफा होता. त्याची फुले पानांत अशी लपत की डोळ्यांना दिसायच्या आधी नाकालाच सापडत. फूल पिवळे पडू लागले की त्याला पिकल्या फळाचा वास सुटे. आत्या लहानपणीच विधवा झालेली. फुले माळणे तिला वर्ज्य. ती एखादे फूल पाण्याच्या पेल्यात टाकून देवघराच्या कोनाड्यात ठेवी आणि येता-जाता क्षणभर थांबे. माळू नये असे लोकांनी सांगितले होते. हुंगू नये असे सांगायचे ते विसरले होते!

गेल्या दिवाळीत एका जुन्या विद्यार्थिनीने परदेशाहून येताना मला अत्तराची एक कुपी आणून दिली. नाव 'मित्सुको'. बूच उघडताच मला आत्याचे देवघर आठवले. मास्तराला स्वस्थ बसवत नाही. मी या कुपीचे कूळ शोधू लागलो.

हे अत्तर १९१९ साली पॅरिसमध्ये झाक गेर्लँ या गंध्याने तयार केले. नाव घेतले क्लोद फारेर यांच्या १९०९ सालच्या कादंबरीतील नायिकेचे. रशिया-जपान युद्धाच्या काळातली ही जपानी स्त्री. नवरा आरमारात आणि मन मात्र एका इंग्रज अधिकाऱ्यावर जडलेले. अत्तर बाजारात आले तेव्हा पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते आणि फ्रान्समध्ये घरोघर काळे कपडे होते.

या कुपीत गुलाब आहे, जाई आहे. पण प्रथम भेटतो तो पिकल्या पीचचा गोडवा. गंमत अशी, की तिथे पीचचा एक थेंबही नाही! गुलाबाचा अर्क निघतो, संत्र्यालिंबाच्या सालीतून तेल निघते. पण पीचसारख्या रसाळ फळातून अत्तराजोगे काही हाती लागत नाही. म्हणून फुलांचे काम शेतकऱ्याने केले आणि फळाचे रसायनशास्त्रज्ञाने. १८६८ साली पर्किनने कुमारिन प्रयोगशाळेत बनवले, तेव्हापासून ही वाट खुली झाली होती. पीचचा वास देणाऱ्या द्रव्याला व्यापारी 'आल्डिहाइड सी-१४' म्हणत. प्रत्यक्षात ते आल्डिहाइड नाही, आणि त्यात कार्बनचे अणूही १४ नसून ११ आहेत. फळ खोटे, नावही खोटे. वास मात्र खरा!

मग हे अत्तर नुसते सरबत का होत नाही? कारण तळाशी ओकच्या झाडावर वाढणारे शेवाळासारखे दगडफूल आहे. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचेच ते भाऊबंद. त्याचा वास ओल्या मातीचा, सावलीतल्या सालीचा. या तळाच्या अत्तरांना 'शिप्र' म्हणजे सायप्रस हे नाव पडले ते फ्रांस्वा कोती यांच्या १९१७ सालच्या अत्तरावरून. गेर्लँनी त्या सावलीत फळ ठेवले. आधी गोडवा येतो, मग फुले उमलतात आणि सर्वांत शेवटी, तासांमागून तास, ती ओल टिकून राहते. पुढे फळाफुलांची कितीतरी अत्तरे निघाली. त्यांतली बरीचशी हसतमुख आहेत. त्यांच्या हसण्यामागे काही असतेच असे नाही. हिच्या हसण्यामागे आहे.

आत्या आता नव्वदीला टेकली आहे. भाऊबीजेला गेलो तेव्हा कुपी बरोबर नेली. तिच्या मनगटावर एक थेंब लावायला गेलो, तर हात मागे घेत म्हणाली, "अरे, मला कसले अत्तर!" मी म्हटले, "आत्या, यात फळ आहे. फळ तर चालते ना तुला?" मास्तर असूनही मी खोटे बोललो.

तिने मनगट नाकाशी नेले आणि बराच वेळ काही बोलली नाही.

"हिरवा चाफाच की रे," ती अखेर म्हणाली. "पण पावसात भिजलेला."

कुपी मी परत आणली नाही. ती आता देवघराच्या कोनाड्यात, पेल्याशेजारी आहे.