माळवदी वाडा

मराठवाड्यातील दगडी भिंतींचे, सागवानी सांगाड्याचे व मातीच्या सपाट छताचे, म्हणजे माळवदाचे घर. परभणी जिल्ह्यात मानवत, सेलू, पाथरी भागातील जुन्या गावठाणांत हा प्रकार आढळतो. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. पिढ्यानपिढ्या घर वाढले, विभागले गेले ते खणांच्याच हिशेबाने.

रचना : पाया काळ्या मातीखालच्या मुरमापर्यंत नेतात, कारण काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. दीड-दोन हात जाडीच्या भिंतीला दोन्ही अंगांनी काळा दगड व मधे डबर-मातीचा भराव असतो. छताचा भार मुख्यतः तळखड्यांवर (दगडी बैठकांवर) उभ्या खांबांवर येतो. तुळयांवर कड्या, फळ्या, पाला आणि शेवटी पांढऱ्या मातीचा जाड थर. मृगाआधी माळवदावर नवी माती टाकून ती चोपतात. पाणी पन्हाळीतून बाहेर पडते. दिंडी दरवाजा, ढाळज (दारालगतची बैठकीची जागा), चौक, ओसरी, माजघर असा आत जाण्याचा क्रम. धान्यासाठी बळद, दिव्यासाठी देवळी भिंतीतच.

फेरबदल : भार खांबांवर असल्याने मधली भिंत पाडून खण जोडता येतात, तसेच भिंत घालून तोडताही येतात. वाटणीत चौक दुभागला, ढाळजेला वेगळे दार पडले. १९०० च्या सुमारास मनमाड–हैदराबाद लोहमार्ग सुरू झाला. मानवत रोड स्थानक त्याच मार्गावर आहे. शहाबादी फरशी आणि लोखंडी गर्डर आणणे त्यामुळे सोपे झाले. बाजारपेठेच्या गावांत रस्त्याकडचे खण दुकानांना गेले. पुढे माळवदाच्या जागी पत्रे किंवा स्लॅब आले.

भूकंपानंतर : ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशा घरांच्या भिंती फुटल्या आणि मातीच्या ढिगाखाली हजारो माणसे दगावली. भिंतीचे दोन थर बांधणारे आरपार दगड नसणे आणि छतावर वर्षानुवर्षे साचलेली माती ही मुख्य कारणे. खांबांचा सांगाडा धड होता तेथे मात्र भिंत ढासळूनही छत तगल्याची उदाहरणे आहेत. म्हणून दुरुस्तीत माळवदावरची जादा माती उतरवतात, भिंतीत आरपार बांधणी घालतात आणि खांब-तुळईच्या सांध्यांना तिरपे टेके देतात. खांब काढून जुन्या भिंतींवर स्लॅब टाकणे घातक ठरते : पूर्वी सांगाड्यावर असलेला भार तेव्हा मातीच्या भरावावर येतो.