हॉर्नची परतीची वाट

गाडीचा हॉर्न वाजेनासा होतो. बाजारातून नवा हॉर्न आणून जुन्याच्या जागी बसवला जातो, तार जोडली जाते, बटण दाबले जाते आणि तरीही आवाज नाही! दुकानात थेट बॅटरीला लावून पाहिला तेव्हा तर तो खणखणीत वाजला होता. मग गॅरेजमधला मेकॅनिक हॉर्न पुन्हा सोडवतो, तो जिथे बसतो त्या पट्टीवरचा रंग पॉलिशपेपरने खरवडतो, नट आवळतो आणि हॉर्न वाजू लागतो. ''अर्थ मिळत नव्हता,'' एवढेच तो सांगतो. त्याच्या या तीन शब्दांमागे पावणेदोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो आपण पाहू या.

प्रथम एक कोडे. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत बॅटरीपासून दिव्याकडे एक तार जाते आणि दुसरी परत येते. विद्युतमंडल पूर्ण असल्याशिवाय प्रवाह वाहत नाही, असे आपण वर्गात शिकवतो. पण अनेक गाड्यांत हॉर्नला एकच तार जोडलेली दिसते. मग परतीची तार कुठे गेली?

त्याआधी हॉर्नच्या आत काय असते ते पाहू. 1831 साली अमेरिकेतील ऑल्बनी येथे जोसेफ हेन्रीने सुमारे एक मैल लांबीच्या तारेतून प्रवाह पाठवून दुसऱ्या टोकाची घंटा वाजवली. विद्युतचुंबकाने दुरून आवाज काढता येतो हे त्यातून दिसले. मात्र एकदा प्रवाह सोडला की एकच ठोका पडे. सतत आवाज हवा तर प्रवाह वारंवार तुटला आणि जोडला गेला पाहिजे. ही युक्ती 1830 च्या दशकात फ्रँकफुर्टमध्ये वाग्नर आणि नेफ यांनी साधली. विद्युतचुंबक लोखंडी पट्टी ओढतो, ओढली जाताच तिचा संपर्क तुटतो, चुंबकत्व जाते, पट्टी मागे येते आणि संपर्क पुन्हा जुळतो. शाळेची विजेची घंटा याच तत्त्वावर चालते आणि मोटारीचा नेहमीचा हॉर्नही. फरक इतकाच, की हॉर्नमध्ये टोला घंटेवर पडत नाही, तर पोलादाचा पातळ पडदा सेकंदाला काही शे वेळा थरथरतो.

आता परतीच्या वाटेकडे वळू. सुरुवातीच्या तारायंत्रांना जाण्यासाठी आणि येण्यासाठी वेगवेगळ्या तारा लागत. तांबे महाग, अंतर मैलोन्‌मैल. 1838 साली म्यूनिकचे प्राध्यापक कार्ल ऑगस्ट श्टाइनहाइल यांनी न्यूरेंबर्ग-फ्यूर्थ रेल्वेमार्गाचे दोन रूळच दोन तारांसारखे वापरता येतील का, हे तपासले. प्रयोग फसला. रूळ जमिनीवर टेकलेले असल्याने प्रवाह एका रुळातून जमिनीत आणि जमिनीतून दुसऱ्या रुळात जाऊ लागला. दुसऱ्या कुणी हा नाद सोडून दिला असता. श्टाइनहाइल यांनी मात्र विचार केला, की जमीन जर प्रवाह वाहून नेते, तर परतीचे काम तिच्याकडेच का सोपवू नये? तारेच्या दोन्ही टोकांना धातूचे पत्रे जमिनीत पुरले आणि दुसऱ्या तारेची गरज संपली.

आपल्याकडेही याच सुमारास असा प्रयोग झाला. 1839 साली कलकत्त्याजवळ डॉ. विल्यम ओ'शॉनेसी यांनी 21 मैलांची प्रायोगिक तारवाहिनी उभारली. तिच्या विद्युतमंडलात सुमारे 7000 फुटांचा भाग नदीच्या पाण्याचा होता.

पुढे मोटारगाड्यांत विजेचे दिवे, हॉर्न आणि स्टार्टर आले, तेव्हा हीच काटकसर उपयोगी पडली. गाडीचा सांगाडा धातूचाच असतो. बॅटरीचे एक टोक, आजच्या गाड्यांत ऋण टोक, त्याला जोडले की प्रत्येक उपकरणाला एक तार पुरते. परतीचा रस्ता म्हणजे सांगाडा. त्यालाही 'अर्थ' म्हणजे जमीन हेच तारायंत्राच्या काळातले नाव चिकटले. वास्तविक रबरी टायरवर उभ्या असलेल्या गाडीच्या या मंडलात खऱ्या जमिनीचा काहीच भाग नसतो. घरातल्या 'अर्थिंग'चे काम तर आणखी वेगळे, ते सुरक्षिततेसाठी असते. विद्यार्थ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

आता मुक्या हॉर्नचा शोध क्रमाने घेता येईल. हॉर्नची तार सोडवून ती आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये 12 व्होल्टचा लहान दिवा धरावा आणि दुसऱ्याला बटण दाबायला सांगावे. दिवा लागला नाही तर दोष फ्यूज, रिले, बटण किंवा तार यांत आहे, हॉर्नमध्ये नाही. दिवा लागला तर तार पुन्हा जोडावी आणि दुसऱ्या एका जाड तारेने हॉर्नचा उघडा धातू थेट बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडून बटण दाबावे. हॉर्न वाजला, तर परतीची वाट तुटली होती हे सिद्ध झाले. ही तार धन टोकाला लागू देऊ नये. एअरबॅग असलेल्या गाडीचे स्टिअरिंग तर स्वतः कधीच उघडू नये.

या दुसऱ्या चाचणीत दिवा का वापरत नाही? समजा, हॉर्नचा रोध 3 ओहम आहे. 12 व्होल्टला त्यातून 4 अँपिअर प्रवाह जाईल. गंजलेल्या सांध्यात आणखी 3 ओहम रोध आला तर प्रवाह निम्म्यावर, 2 अँपिअरवर येईल आणि हॉर्न गप्प बसेल. पण 48 ओहमच्या दिव्याला या 3 ओहमांचा फारसा फरक पडत नाही. तो लागेल आणि आपली दिशाभूल करील.

वर्गासाठी आणखी एक कोडे. काही गाड्यांत हॉर्नला बॅटरीचे धन टोक कायम जोडलेले असते आणि बटण दाबल्यावर परतीची वाट जुळते. अशा हॉर्नला दोन तारा असतात. तिथे चुकून एक तारेचा हॉर्न बसवला आणि त्याला फक्त बटणाकडची तार जोडली तर काय होईल? तो कधीच वाजणार नाही, कारण त्याच्या दोन्ही बाजू सांगाड्यालाच जोडलेल्या राहतील. आणि बटणाकडच्या तारेऐवजी धन टोकाची तार जोडली तर? उत्तर विद्यार्थ्यांनी आकृती काढून शोधावे.

हे सारे वर्गात दाखवायला गाडी लागत नाही. टॉर्चचा सेल, छोटा दिवा, एक तार आणि बाहेरून रंगवलेले पत्र्याचे झाकण पुरे. सेलचा तळ झाकणाच्या आतल्या उघड्या पत्र्यावर टेकवावा, दिव्याचे एक टोक तारेने सेलच्या वरच्या टोकाला जोडावे आणि दुसरे झाकणाच्या रंगीत बाजूवर टेकवावे. दिवा लागत नाही. रंग खरवडला की लागतो. फसलेल्या प्रयोगाकडे श्टाइनहाइल यांनी जसे पाहिले, तसे मुलांनी या न लागलेल्या दिव्याकडे पाहावे, असे आम्हाला वाटते. 'का लागला नाही?' हा प्रश्न त्यांनी विचारला, की विद्युतमंडल ही केवळ पुस्तकातली आकृती राहत नाही.