अभिनेत्रीचे वेतन: दुर्गा खोटे यांची कारकीर्द आणि बीडकडून दिसणारा एक व्यवसाय

मराठी अभिनेत्रीच्या व्यवसायाचा इतिहास बहुधा कोल्हापूर, पुणे आणि मुंबई येथील नाटक कंपन्या व स्टुडिओ यांच्या आधाराने लिहिला जातो, आणि घरंदाज स्त्रीने चित्रपटात पाऊल टाकले ही घटना त्यात मध्यवर्ती ठरते. बीड जिल्ह्यासारख्या, १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिलेल्या प्रदेशातून याच इतिहासाकडे पाहिले, तर प्रश्नाचा रोख बदलतो. कारण लोकांसमोर गाणारी, नाचणारी आणि बोलणारी स्त्री येथे कधीच अपूर्व नव्हती. अपूर्व होते ते तिने आपल्या कामाचा मोबदला स्वतः ठरवणे, काम कोणाकडे करायचे याची निवड स्वतः करणे आणि वय वाढल्यावरही त्या व्यवसायात मानाने टिकून राहणे. दुर्गा खोटे यांच्या सुमारे ५० वर्षांच्या कारकिर्दीचे खरे महत्त्व या तीन गोष्टींत आहे.

अंबाजोगाईच्या योगेश्वरीपुढे आराधी स्त्रिया, म्हणजे देवीच्या उपासनेचे व्रत घेतलेल्या स्त्रिया, पिढ्यान्‌पिढ्या मेळ्याने गात आल्या. खंडोबाच्या जागरणात वाघ्याच्या जोडीने मुरळी, म्हणजे देवाला वाहिलेली मुलगी, रात्रभर गात व नाचत असे. यांखेरीज गावोगावच्या जत्रांतून येणारा तमाशा होता. ढोलकी फडात गण, गौळण, बतावणी आणि वग असा क्रम असतो, तर संगीत बारीत लावणीचे गाणे आणि अदाकारी यांवर भर असतो. दोन्हींत प्रेक्षक ज्यासाठी पैसे मोजतो ते काम मुख्यतः स्त्रीचे असते. दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालणाऱ्या हंगामासाठी फडमालक कलावंतांना आगाऊ रक्कम देतो, तिला ‘उचल’ म्हणतात, आणि ती फिटेपर्यंत कलावंत त्या फडाशी बांधलेला राहतो. बीड जिल्ह्यातील वाचकाला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही, कारण पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांकडे जाणारी ऊसतोड जोडपी मुकादमाकडून हंगामापूर्वी जी रक्कम घेतात, तिचेही नाव उचलच आहे. पैसा आधी हाती येतो, परंतु पुढील सहा महिन्यांचे स्वातंत्र्य त्यात वळते होते, आणि फडातील स्त्रीच्या बाबतीत तर उचल घेणारा हात पुष्कळदा तिच्या बापाचा किंवा भावाचा असतो.

हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती, आणि १९२९ च्या ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाने जाहीर सभांना पूर्वपरवानगीचे बंधन घातले होते. मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथील योगेश्वरी नूतन विद्यालयासारख्या संस्थांनी मराठी माणसाच्या जागृतीचे काम याच परिस्थितीत केले. १९३५ नंतर काही काळ स्वामी रामानंद तीर्थ त्या शाळेचे मुख्याध्यापक होते. संस्थानाच्या सीमेपलीकडे त्याच सुमारास मराठी भाषा पडद्यावर बोलू लागली होती, आणि ती बोलणाऱ्या पहिल्या नायिकेचे नाव दुर्गा खोटे होते.

१४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईतील सुस्थितीतल्या लाड कुटुंबात जन्मलेल्या आणि सेंट झेवियर महाविद्यालयात शिकलेल्या दुर्गाबाईंचा विवाह खोटे कुटुंबातील विश्वनाथ खोटे यांच्याशी झाला. सासरची आर्थिक घडी विसकटल्यावर दोन मुलांच्या पालनपोषणाचा प्रश्न उभा राहिला आणि त्या चित्रपटाकडे वळल्या, म्हणजे त्यांचा या व्यवसायातील प्रवेश हौसेचा नव्हता, उपजीविकेचा होता. १९३१ मधील ‘फरेबी जाल’ या चित्रपटातील छोट्या भूमिकेने त्यांच्या वाट्याला टीकाच आली. त्यानंतर प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांताराम यांनी कोल्हापुरात दिग्दर्शित केलेला ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट १९३२ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र होते आणि दुर्गाबाई तारामती. पार्श्वगायनाची सोय अद्याप आलेली नसल्यामुळे नटाला कॅमेऱ्यासमोर स्वतःच गावे लागे, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला तारामतीचा चेहरा आणि तिचा स्वर एकाच स्त्रीकडून प्रथमच मिळाला.

या भूमिकेचे मोल कळण्यासाठी १९ वर्षे मागे जावे लागते. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचे काम अण्णा साळुंके या उपाहारगृहात स्वयंपाकी असलेल्या पुरुषाने केले, कारण पडद्यावर काम करण्यास स्त्री मिळाली नव्हती. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई, पुढे कमलाबाई गोखले म्हणून ओळखल्या गेलेल्या, या दोघींनी काम केले. पोट भरण्यासाठी फिरत्या नाटक मंडळीत काम करणाऱ्या या मायलेकींनी पडद्याचे दार उघडले, आणि तरीही ते उघडल्याचे श्रेय पुढे वारंवार घरंदाजपणाच्या खात्यात जमा केले गेले. हा अन्याय दुर्गा खोटे यांनी केलेला नाही. तो इतिहास लिहिणाऱ्यांचा आहे, आणि तो दुरुस्त करणे आवश्यक आहे. कुळाचे कौतुक बाजूला ठेवले तरच दुर्गा खोटे यांचे व्यावसायिक कर्तृत्व नीट दिसते.

त्या काळचे स्टुडिओ हे कारखान्यांसारखे चालत. नट, तंत्रज्ञ आणि वादक मासिक पगारावर असत आणि करार संपेपर्यंत अन्यत्र काम करण्यास त्यांना मुभा नसे. दुर्गाबाईंनी प्रभातचे काम केले, परंतु स्वतःला एका संस्थेच्या स्वाधीन केले नाही. ‘माया मच्छिंद्र’नंतर त्या कलकत्त्याला गेल्या, न्यू थिएटर्सच्या ‘राजराणी मीरा’त आणि ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या १९३४ च्या ‘सीता’त त्यांनी भूमिका केल्या, आणि देवकी बोस यांनी दिग्दर्शित केलेला ‘सीता’ व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत पोहोचला. १९३६ मध्ये त्या पुन्हा प्रभातकडे आल्या, त्या ‘अमरज्योती’तील सौदामिनी साकारण्यासाठी. अन्यायाविरुद्ध शस्त्र उचलून समुद्रावर राज्य करणारी ही चाच्यांची राणी त्या काळाच्या पडद्यावर विलक्षणच होती. १९३७ मध्ये ‘सवंगडी’ आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘साथी’ यांच्या निर्मितीत त्या उतरल्या. बांधील पगाराऐवजी चित्रपटागणिक करार करण्याची जी रीत पुढे सर्वमान्य झाली, ती स्टुडिओंचा दबदबा कायम असताना एका स्त्रीने आचरणात आणली होती.

नायिकेचे वय संपले की व्यवसाय संपतो, हा फडापासून स्टुडिओपर्यंत सर्वत्र लागू असलेला नियमही त्यांनी स्वतःच्या निर्णयाने मोडला. १९४१ च्या ‘पायाची दासी’ या आचार्य अत्रे यांच्या चित्रपटात त्यांनी सुनेला छळणाऱ्या सासूची भूमिका पत्करली, तेव्हा त्या जेमतेम ३६ वर्षांच्या होत्या. तेथून १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’मधील जोधाबाईपर्यंत आणि १९७४ च्या ‘बिदाई’पर्यंत, ज्यासाठी त्यांना फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, ही वाट सलग चालत आली. मुलगा आणि पती यांच्या युद्धात दोन्ही बाजूंनी पिळली जाणारी जोधाबाई त्यांनी ज्या संयमाने उभी केली, तो संयम तारुण्यातील भूमिकांत क्वचितच दिसतो, आणि म्हणून त्यांच्या उत्तरार्धातील काम अधिक श्रेष्ठ मानावे लागते. १९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८३ साठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार हे सन्मान त्यांना मिळाले. ज्यांच्या तारामतीसाठी स्त्री सापडली नव्हती, त्यांच्याच नावाचा हा पुरस्कार होता.

दरम्यान लघुपट व जाहिरातपट तयार करणारी संस्था त्यांनी उभारली होती, आणि याच मार्गाने त्या दूरदर्शनच्या इतिहासातही दाखल झाल्या. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि तेथे मराठी बातम्या देणाऱ्या स्मिता पाटील अल्पावधीत चित्रपटाच्या अग्रभागी गेल्या. १९८८ मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसावर आधारलेली ‘वागळे की दुनिया’ ही मालिका प्रसारित झाली, ती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची निर्मिती होती आणि तिच्यातील गृहिणीची भूमिका भारती आचरेकर यांनी केली. एका अभिनेत्रीने दुसऱ्या अभिनेत्रीला काम देणे, ही या व्यवसायातील मोठी स्थित्यंतराची खूण होय.

मराठवाड्याला या माध्यमात स्वतःचा चेहरा मिळाला तो त्यानंतर. अंबाजोगाईच्या प्रक्षेपण केंद्रामुळे दूरदर्शन बीड जिल्ह्यातील घरांत पोहोचले. औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेतून घडलेल्या प्रतीक्षा लोणकर या ‘दामिनी’ या दैनंदिन मालिकेतील पत्रकार नायिका म्हणून घराघरांत ओळखल्या जाऊ लागल्या. नायिका दूरच्या शहरातील श्रीमंत घराण्यातूनच यावी लागते, ही समजूत त्यामुळे या भागात तरी मोडली.

१९९१ मध्ये दुर्गाबाईंचे निधन झाले. त्यानंतर खासगी वाहिन्या आल्या, मालिका रोजच्या झाल्या आणि मोबदला दिवसावर मोजला जाऊ लागला. तो काम झाल्यावर ९० दिवसांनी देण्याची प्रथा या धंद्यात रूढ आहे. फडातील कलावतीला पैसा आधी मिळतो आणि ती बांधली जाते, मालिकेतील अभिनेत्री बांधलेली नसते, परंतु तिला तीन महिने थांबावे लागते. बीड, केज, पाटोदा या भागांतील जत्रांत आजही तमाशाच्या कनाती उभ्या राहतात, आणि त्यांतील स्त्रियांचा हिशेब अजून उचलीच्याच वहीत लिहिला जातो.